क्षोभ आणि शुश्रूषा

काही गावांच्या कपाळी बोलीभाषेने एक विचित्र कीर्ती लिहून ठेवलेली असते. एखाद्याचे वागणे जरा तऱ्हेवाईक दिसले की, ‘ह्याला आता ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याची वाट दाखवा’ असे आपण मराठी माणसे सहज बोलून जातो. जयपूर-भरतपूरकडचे लोक ह्याच अर्थाने आग्र्याचे नाव घेतात, कारण आग्र्याचे मनोरुग्णालय १८५९ सालापासूनचे, त्या साऱ्या मुलखाला ठाऊक असलेले. थट्टेच्या ह्या बोलण्याच्या तळाशी मात्र एक भीती दडलेली आहे. मन बिघडलेला मनुष्य म्हणजे अंगावर धावून येणारा मनुष्य, अशी ती समजूत. तिच्यामुळे आपण त्या माणसापासून दूर सरतो आणि त्याची काळजी घेणाऱ्यांच्या कामाविषयीही अंधारातच राहतो.

ह्या समजुतीत सत्याचा अंश किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. मनोविकार जडलेल्या माणसांपैकी बहुतेकांच्या हातून आयुष्यात कोणालाही इजा होत नाही. उलट मारहाण, फसवणूक आणि उपेक्षा ह्यांचे बळी होण्याचा प्रसंग त्यांच्यावरच अधिक येतो. तथापि, एवढे सांगून थांबणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनोरुग्णालयाच्या दाखल-कक्षात, विकार ऐन भरात असताना, आरडाओरडा, फेकाफेक, प्रसंगी हातघाई हे प्रकार घडतात. ते घडतात तेव्हा समोर बहुधा परिचारिकाच असते. डॉक्टर फेरी आटोपून जातात, नातलग भेटून जातात, पण परिचारिका पाळी संपेपर्यंत तेथेच असते. त्या क्षणी तिने काय केले आणि काय केले नाही, ह्यावर रुग्णाचे पुढील कित्येक दिवस अवलंबून असतात. म्हणून तिच्या ह्या कामाचे शास्त्र आपण समजून घेऊ.

त्यासाठी जयपूरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी तेथे हवामहल पाहतो, जंतरमंतर पाहतो, सवाई जयसिंहाने १७२७ साली आखलेले सरळ रस्ते पाहून थक्क होतो. जुन्या तटबंदीबाहेर, सेठी कॉलनीत असलेले मनोचिकित्सा केंद्र मात्र त्याच्या वाटेवर नसते. सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी हे केंद्र संलग्न आहे, आणि शहरातील माणसांबरोबरच दूरदूरच्या खेड्यांतील माणसेही त्याचा आधार शोधीत येतात. तेथील परिचर्येचे काम केवळ स्त्रियाच करतात असेही नाही. राजस्थानात ह्या व्यवसायात पुरुष फार मोठ्या संख्येने आहेत आणि ग्रामीण लोक त्यांना अजूनही ‘कंपाउंडरसाहेब’ म्हणून हाक मारतात. ह्या लेखात मी परिचारिका हा शब्द वापरीन, पण त्यात हे बंधूही आलेच.

रुग्ण येथवर पोहोचतो तो कोणत्या अवस्थेत? २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्ये निवडली होती, त्यांत राजस्थान होते. त्या पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांचा हिशेब घेता त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. उपचाराला उशीर झाला म्हणजे विकार वाढतो आणि घरच्यांची सहनशक्ती आटते. त्यातच जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेहंदीपूर बालाजीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. बाधा झाली असे ज्यांच्याविषयी वाटते, त्यांना तेथे नेण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर ह्यांचे जे स्थान, तेच तिकडे बालाजीचे. ह्यात कोणाला हसण्याचे कारण नाही. बुडणारा मनुष्य हाताला लागेल तो आधार धरतो. पण ह्या साऱ्या फेऱ्यांत आठवडे आणि महिने निघून जातात.

समजा, दौसा किंवा टोंक जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून एका तरुणाला घेऊन जीप निघाली आहे. चार रात्री त्याला झोप नाही. अन्नात विष कालवले आहे असे वाटल्यामुळे पोटात अन्न नाही. कानात कोणीतरी सतत धमकावीत आहे. ‘मामाकडे लग्नाला जायचे आहे’ असे खोटेच सांगून त्याला गाडीत बसविले आणि मध्येच तो उतरू लागला म्हणून हात दोरीने बांधले. गाडी थांबते ती एका अनोळखी इमारतीपाशी. गणवेशातील माणसे पुढे येतात, एक दार उघडते आणि मागे बंद होते. हा तरुण आता ओरडला, ढकलू लागला, तर त्याला आक्रमक म्हणायचे की भयभीत? बाहेरून दिसतो तो संताप. आत असते ती बहुतांशी भीती. मनोविकार-परिचर्येतील पहिला पाठ हाच आहे, की समोरच्याला आवरावे कसे हा प्रश्न दुसरा, त्याला कशाची धास्ती वाटते हा पहिला.

ह्या क्षोभाला वैद्यकाने निरनिराळ्या वर्गांत विभागले आहे. १९८६ साली अमेरिकेत युडोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मापनपट्टी तयार केली. तीत शिवीगाळ व धमकी, वस्तूंची मोडतोड, स्वतःला इजा आणि दुसऱ्याला इजा असे चार प्रकार वेगळे केले होते. विभागणी साधी असली तरी तिचा उपयोग मोठा. ‘रुग्ण हिंसक झाला’ ह्या एका वाक्यात पेला आपटणारा आणि गळा धरणारा हे दोघेही एकाच रांगेत बसतात. पहिल्याला दुसऱ्याची वागणूक मिळाली, तर अन्याय होतो आणि धोकाही वाढतो.

कारणांचेही तसेच आहे. काहींना भास होतात आणि त्या आवाजाच्या हुकमावरून ते वागतात. काहींच्या मनात संशय घट्ट बसलेला असतो. उन्मादाच्या लाटेवर असलेल्या माणसाला अडवलेले सोसत नाही. पण कित्येकदा मूळ शरीरात असते. रक्तातील साखर उतरलेली असते, मेंदूज्वर असतो, डोक्याला मार लागलेला असतो, किंवा दारू अचानक सुटल्यामुळे माणूस भ्रमिष्ट झालेला असतो. राजस्थानात अफू आणि डोडा-पोस्त ह्यांचे सेवन जुने. शासनाने डोडा-पोस्ताची परवानाधारक विक्री बंद केली, पण सवय कागदावरील हुकमाने सुटत नाही. ती तुटताना अंगदुखी, अनिद्रा आणि चिडचिड ह्यांनी माणूस हैराण होतो. म्हणून ओरडणाऱ्या रुग्णाची नाडी, ताप, साखर आणि डोक्यावरील जखम पाहण्याची दक्षता परिचारिकेला घ्यावी लागते. ज्याला साखरेच्या पाण्याची गरज आहे त्याला झोपेची सुई टोचणे, हा अपघात केवळ दृष्टिदोषाने घडू शकतो.

आणखी एक कारण आहे, आणि ते मान्य करणे कोणत्याही संस्थेला अवघड जाते. ते कारण म्हणजे कक्ष स्वतः. घरी फोन लावू द्या म्हणून केलेली विनंती तिसऱ्यांदा नाकारली जाते. झोपेतून उठवून आंघोळीची सक्ती होते. दाराला कुलूप असते आणि ते केव्हा उघडेल हे कोणी सांगत नाही. ठिणगी बहुधा अशा ठिकाणी पडते. श्रावणात तीज येते. आपल्या पंचमीसारखाच तोही माहेरचा सण. त्या दिवशी एखादी स्त्री सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसावी आणि संध्याकाळपर्यंत कोणी येऊ नये, तर रात्री तिने ताट भिरकावले ह्यात नवल कोणते? चाणाक्ष परिचारिका ही गोष्ट दुपारीच ओळखते. आज हिच्याकडे कोणी आलेले नाही हे ध्यानात ठेवून ती पाच मिनिटे तिच्यापाशी जाऊन बसते. रात्रीचे ताट तेथेच वाचते.

हवामानही ह्या कामात भाग घेते. जयपूरच्या मे-जून महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. गर्दीच्या कक्षात उकाड्याने शहाण्यांचीही डोकी तापतात. त्याशिवाय एक वैद्यकीय बाब आहे. उन्मादावर दिल्या जाणाऱ्या लिथियमचे प्रमाण शरीरातील पाणी आटले की रक्तात वाढते आणि विषारी ठरू शकते. मनोविकारांवरील इतर काही औषधांनी घाम कमी होतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. हात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे कोणी हट्टीपणाची समजला, तर अनर्थ व्हायचा. उन्हाळ्यात माठ भरलेला ठेवणे आणि प्रत्येक रुग्ण पाणी पितो की नाही हे पाहणे, हे तेथे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे काम होय.

क्षोभ बहुधा एकाएकी येत नाही. वळिवापूर्वी हवा कोंदते, तशी त्याचीही पूर्वचिन्हे असतात. नॉर्वेतील ब्रोसेट येथील रुग्णालयात परिचारिकांच्या निरीक्षणांवरून सहा चिन्हांची एक यादी तयार झाली. गोंधळलेपण, चिडखोरपणा, आवाज व हालचाल वाढणे, तोंडाने धमकावणे, अंगावर जाण्याचा आव आणणे आणि वस्तूंवर राग काढणे, ही ती चिन्हे. प्रत्येक पाळीत प्रत्येक रुग्णासाठी ही यादी भरायला एखाद-दोन मिनिटे पुरतात, आणि पुढील चोवीस तासांत धोका कितपत आहे ह्याचा अंदाज येतो. ह्या यादीचा खरा लाभ असा, की तिच्यामुळे परिचारिका रुग्णाकडे रोज मुद्दाम पाहू लागते. अनुभवी परिचारिका काही चिन्हे यादीवाचूनही टिपते. येरझारा वाढल्या, जबडा आवळला गेला, नेहमी बोलणारा गप्प झाला, हे तिच्या नजरेतून सुटत नाही.

चिन्हे दिसली, आता पुढे काय? पहिली शिस्त देहाची आहे. समोरच्यापासून निदान दोन हातांचे अंतर ठेवावे. अगदी समोरासमोर छाती काढून उभे न राहता जरा तिरके उभे राहावे. हात मोकळे आणि दिसतील असे असावेत. पाठीमागे लपवलेल्या हातात सुई आहे असाच संशय येतो. दाराकडे जाण्याची वाट दोघांनाही मोकळी राहील अशी जागा निवडावी. कोंडले गेल्याची भावना दोघांनाही घातकच. गळ्यात लोंबणारे स्टेथोस्कोप, ओळखपत्राची दोरी, ओढणी ह्या वस्तू दूर ठेवलेल्या बऱ्या. जमलेल्या बघ्यांना शांतपणे बाजूला न्यावे. प्रेक्षकांसमोर माघार घेणे कोणालाच रुचत नाही.

दुसरी शिस्त वाणीची. बोलायचे ते एकानेच. तिघांनी तीन बाजूंनी समजावू लागणे म्हणजे आगीला तीन दिशांनी वारा घालणे होय. आवाज खाली, वाक्ये लहान, मध्ये विसावा. आधी नाव घेऊन हाक मारावी आणि आपण कोण ते सांगावे. जयपूरकडच्या बोलीत नात्याच्या आणि आदराच्या शब्दाला ‘सा’ लावण्याची गोड रीत आहे. काकोसा, भाभीसा, बाईसा अशी संबोधने घरोघरी ऐकू येतात. बांधून आणलेल्या प्रौढ माणसाला कोणी ‘काकोसा, आधी पाणी घ्या’ म्हटले, तर त्या एका अक्षराने त्याला त्याचे घरातील स्थान परत मिळते. आपल्याकडे ‘अहो दादा’, ‘बसा मावशी’ ह्या शब्दांत हेच सामर्थ्य आहे. औषधांच्या यादीत हे शब्द नसतात, पण त्यांचा गुण कित्येकदा औषधाच्या आधी येतो.

बोलायचे काय, हेही शिकावे लागते. अन्नात विष आहे असे म्हणणाऱ्याशी ‘नाही, मुळीच नाही’ असा वाद घालण्यात अर्थ नाही, आणि ‘हो, आहे’ म्हणून त्याला खोटा दुजोरा देणेही योग्य नाही. ‘तुम्हांला तसे वाटते आहे आणि त्यामुळे तुम्ही फार घाबरला आहात, हे मला समजते. येथे मी तुमच्याजवळ आहे’, हे वाक्य खरे आहे आणि पुरेसेही आहे. मग निवड करण्याची मुभा द्यावी. येथे बसता की खिडकीपाशी? गोळी पाण्याबरोबर घेता की दुधाबरोबर? ज्याच्या हातून सारे काही काढून घेतलेले आहे, त्याला लहानशी निवडदेखील मोठी वाटते. मर्यादा मात्र स्पष्ट सांगावी, की रागावणे समजू शकते, पण कोणाला मारता येणार नाही. जे पाळता येणार नाही असे वचन कदापि देऊ नये. ‘उद्या घरी सोडू’ ह्या एका खोट्या वाक्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या पाळीवरील परिचारिकेला मोजावी लागते. त्याचप्रमाणे सुईचा धाक दाखवू नये. औषधाला एकदा शिक्षेचा वास लागला, की तो रुग्ण ते आयुष्यभर झिडकारतो.

एवढे करूनही कधी कधी क्षोभ शमत नाही. अशा वेळी औषध द्यावे लागते. आधी गोळी देऊ करावी, ती नाकारली आणि धोका टळला नाही तर डॉक्टरांच्या आज्ञेने सुई. ह्या बाबतीत भारतातील एक महत्त्वाचे संशोधन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले आणि २००४ साली प्रसिद्ध झाले. दोनशे प्रक्षुब्ध रुग्णांपैकी काहींना लोराझेपाम आणि काहींना हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन एकत्र देऊन तुलना करण्यात आली. दोन्ही उपाय गुणकारी ठरले, पण जोड-औषधाने रुग्ण अधिक लवकर शांत झाले. ही औषधे महाग नसल्याने साध्या सरकारी रुग्णालयालाही ह्या निष्कर्षाचा उपयोग झाला. परंतु सुई दिली म्हणजे परिचारिकेचे काम संपत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध ह्यांची तपासणी तेव्हापासून थोड्याथोड्या वेळाने करीत राहावी लागते. शांत झालेला रुग्ण आणि श्वास मंदावलेला रुग्ण लांबून सारखेच दिसतात.

अगदी शेवटचा उपाय म्हणजे धरून किंवा बांधून ठेवणे. ह्या उपायाचा इतिहास लाजिरवाणा आहे, आणि त्यातून बाहेर पडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी परिचर्या करणाऱ्यांकडे जाते. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील साखळदंड तोडल्याचे श्रेय डॉक्टर पिनेल ह्यांना दिले जाते. प्रत्यक्षात तेथील साखळ्या १७९७ साली काढल्या त्या ज्याँ-बाप्तिस्त प्यूसँ नावाच्या देखरेखप्रमुखाने. हा गृहस्थ पूर्वी गंडमाळेच्या उपचारासाठी त्याच संस्थेत रुग्ण म्हणून राहिला होता. रुग्णावर हात उगारायचा नाही, असा दंडक त्याने नोकरांना घालून दिला होता. पिनेल ह्यांनी त्याच्यापासून आपण शिकलो हे मोकळेपणाने मान्य केले. पुढे १८३९ साली लंडनजवळच्या हॅनवेल येथे जॉन कोनोली ह्यांनी बांधण्याची सारी साधने बंद करून दाखविली.

आपल्या देशाला मात्र ह्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. आतील माणसे साखळ्यांनी जखडलेली होती, त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली. एकट्याला कोंडून ठेवण्यासही बंदी घातली. शारीरिक निर्बंध घालायचा तो केवळ तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, अत्यावश्यक तेवढ्याच वेळापुरता. त्याचे कारण आणि काळ कागदपत्रांत नोंदवावा लागतो आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून निर्बंध घालता येत नाही. आणि मनुष्यबळ अपुरे आहे ही सबबही कायद्याला मान्य नाही.

कायद्याचे शब्द हातांनी पाळायचे असतात. रुग्णाला धरावेच लागले तर पालथे दाबू नये. छातीवर, मानेवर वजन टाकू नये. त्यामुळे श्वास कोंडून मृत्यू ओढवतो. एकीने सारा वेळ डोक्याशी राहून त्याच्याशी बोलत राहावे. बोटे गार किंवा निळी पडत नाहीत ना, हे पाहावे. पाणी आणि लघवीची सोय विचारावी. मिनिटे मोजावी. आणि सर्व शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी का होईना, त्याच्याजवळ बसून विचारावे, की काल काय झाले होते, आम्ही काय केले असते तर तुम्हांला बरे वाटले असते? ह्या प्रश्नाची उत्तरे फार साधी निघतात. कोणी म्हणतो, ‘माझी चप्पल नेली होती ती द्यायला हवी होती.’ कोणी म्हणते, ‘मला हात लावण्याआधी सांगायला हवे होते.’ पुढच्या क्षोभाचे औषध ह्या उत्तरांत असते.

येथवर आपण परिचारिकेकडून पुष्कळ अपेक्षा केल्या. पण तिचे काय? तीही मनुष्य आहे. ज्याला आपण सकाळी जेवू घातले, त्यानेच दुपारी थोबाडीत मारली, तर तिला भीती वाटते, राग येतो आणि राग आल्याबद्दल अपराधीही वाटते. ‘ह्या नोकरीत हे चालायचेच’ असे सांगून तिची बोळवण केली जाते. मग ती झालेल्या प्रकाराची नोंदही करीत नाही, आणि नोंद नाही म्हणजे घटनाच घडली नाही असे समजले जाते. मनात साठलेली ही भीती पुढे दोन वाटांनी बाहेर पडते. एक तर ती रुग्णापासून दूर दूर राहू लागते, किंवा क्षुल्लक कारणाने दोरी आणि सुई मागू लागते. दोन्ही वाटांनी कक्षातील अशांतता वाढतेच. घाबरलेला रुग्ण आणि घाबरलेली परिचारिका समोरासमोर आल्यावर दोघांपैकी कोणीतरी जखमी व्हायचेच. म्हणून मार खाल्लेल्या परिचारिकेला त्या दिवशी कामातून मोकळीक देणे, तिची विचारपूस करणे आणि दोष न लावता घटनेची चर्चा करणे हे तिच्यावर उपकार नव्हेत. ते रुग्णसेवेचेच अंग आहे.

संख्येचा प्रश्नही असाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत भारतात मनोविकार-परिचारिकांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे ०.८, म्हणजे धड एकही नाही, असे दिसते. कायदा म्हणतो, माणसे कमी आहेत म्हणून बांधू नका. रात्रीच्या पाळीवर एकटी असलेली परिचारिका विचारते, मग मी काय करू? कायद्याचे म्हणणे योग्य आहे आणि तिचा प्रश्नही खरा आहे. ह्या दोहोंतील अंतर तिच्या एकटीच्या सद्‌गुणांनी भरून निघणार नाही. ते नेमणुकांनी आणि शिक्षणाने भरले पाहिजे. बंगळूर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. पुढे १९७४ साली तिचेच ‘निमहान्स’मध्ये रूपांतर झाले. ह्या विशेष परिचर्येचे शिक्षण आपल्या देशात रुजविण्याचे मोठे काम तिने केले आहे. तरीही अनेक ठिकाणी सर्वसाधारण रुग्णालयातून बदलून आलेल्या परिचारिकेला कोणत्याही पूर्वतयारीवाचून अशा कक्षात उभे केले जाते. पोहणे न शिकविता विहिरीत ढकलण्याचाच हा प्रकार.

योग्य पद्धतीने कक्ष खरोखर शांत होतो काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचे उत्तर प्रयोगाने मिळाले आहे. इंग्लंडमध्ये लेन बोवर्स ह्या परिचर्येच्या प्राध्यापकांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची योजना आखली. तीत दहा साधे उपाय होते. कटू बातमी सांगण्यापूर्वी तयारी करणे, रुग्ण व सेवक ह्यांनी परस्परांची थोडी वैयक्तिक ओळख करून घेणे, नकार मृदू शब्दांत देणे, बरे होऊन जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून ठेवणे, अशा प्रकारचे ते होते. पंधरा रुग्णालयांतील ३१ कक्षांत ह्याची पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि बांधणे, कोंडणे, सुई देणे असे आवर घालण्याचे प्रसंग सुमारे २६ टक्क्यांनी घटले. ह्यासाठी नवी इमारत लागली नाही की नवे औषध लागले नाही. परिचारिका आणि रुग्ण ह्यांच्यातील संबंध हेच उपचाराचे साधन आहे, असे हिल्डेगार्ड पेप्लाऊ ह्या परिचर्याशास्त्रज्ञ बाईंनी १९५२ साली आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते. साठ वर्षांनंतर आकड्यांनी त्यांना साक्ष दिली.

ह्यात आपणा सामान्य माणसांचाही वाटा आहे. घरात कोणाचे मन बिघडले तर त्याला खोटे सांगून रुग्णालयात नेऊ नये. विश्वासघाताची ती जखम परिचारिकेला प्रथम भरावी लागते. रुग्ण कशाने चिडतो, कशाने शांत होतो, कोणते व्यसन आहे, कोणती गोळी चालू होती, हे तिला न लपविता सांगावे. भेटीचा दिवस ठरला असेल तर तो पाळावा.

आपल्या भाषेने परिचर्येला एक जुना शब्द दिला आहे, शुश्रूषा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करी, म्हणून त्या शब्दाला सेवेचा अर्थ आला आणि पुढे आजाऱ्याच्या सेवेला तो कायमचा चिकटला. मनोरुग्णाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ पुन्हा एक होतात. तेथे आधी ऐकावे लागते, मगच सेवा करता येते. जयपूरच्या, ठाण्याच्या, येरवड्याच्या किंवा रत्नागिरीच्या कक्षात रात्री दोन वाजता कोणीतरी ओरडून उठतो, आणि एक परिचारिका दोन हातांचे अंतर राखून, हात मोकळे ठेवून, खालच्या आवाजात त्याला विचारते, ‘काय झाले, मला सांगाल का?’ त्या प्रश्नामागे पुष्कळ शिक्षण, पुष्कळ धैर्य आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे सहकारी असावे लागतात. ते तिला मिळवून देणे ही समाजाची जबाबदारी आहे. तिला ते मिळाले, तर कपाटातील दोरी काढण्याची पाळी फार क्वचित येईल.